विडी सोडण्याचे पहिले आठ दिवस

व्याख्यानमालेला नेमाने येणाऱ्या श्रोत्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. विषय रंगात आला, सभा तल्लीन झाली, की साधारण पाऊण तासाने मागच्या रांगेतील दोन-चार माणसे उठतात आणि वाकून, वहाणांचा आवाज न करता बाहेर पडतात. वक्त्याला वाटते, आपले काही चुकले. त्याचे काहीच चुकलेले नसते. त्या माणसांच्या रक्तातील निकोटिन उतरू लागलेले असते, इतकेच. हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण तेवीस वर्षे त्या मागच्या रांगेत आम्हीच बसत होतो.

विडी-सिगारेट वाईट, हे सांगण्यासाठी आता व्याख्यानाची गरज उरलेली नाही. १९५० साली डॉल आणि हिल या संशोधकांनी इंग्लंडात धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. आपल्याकडे २००३ साली तंबाखूवर निर्बंध घालणारा कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाची बंदी कडक झाली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. पाकिटावर भयंकर चित्र असते, आणि ओढणारा ते चित्र अंगठ्याखाली झाकून पाकीट उघडतो. तेव्हा ज्ञान कमी पडते असे नाही. प्रश्न निराळाच आहे. सोडायची आहे, तर सोडवत का नाही?

याचे उत्तर आपण 'मनाचा दुबळेपणा' या दोन शब्दांत देऊन मोकळे होतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असेही वर ऐकवतो. पण ही नुसती खोड नव्हे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि तेथे सुखाची जाणीव देणारी द्रव्ये सुटतात. वारंवार असे झाले, की मेंदू आपली घडी त्याप्रमाणे बसवून घेतो. निकोटिन पकडणारी त्याच्यातील स्थाने वाढतात. इकडे रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग ती रिकामी स्थाने ओरडू लागतात, आणि त्या ओरडण्यालाच आपण तलफ म्हणतो. म्हणजे विडी जी तलफ भागवते, ती आधीच्या विडीनेच लावलेली असते. जुन्या कर्जाचे व्याज भागवण्यासाठी सावकाराने नवे कर्ज द्यावे आणि ऋणकोने त्याचे उपकार मानावेत, तसा हा व्यवहार आहे.

विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, ही समजूतही खोटी. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते. आणि धूर निघत नाही म्हणून तंबाखू निरुपद्रवी ठरत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. धूम्रपान करणारे शंभरांत चारांहूनही कमी होते. बाकी सारी मळून खाल्लेली तंबाखू, मिश्री वगैरे. मिश्रीची डबी आपल्या घरांत दात घासण्याच्या जागी असते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. पण एक दिवस मिश्री मिळाली नाही तर ज्या माऊलीचे डोके दुखते, तिच्याही रक्तात तेच निकोटिन असते. पुढे आम्ही विडी म्हणू तेथे त्या माऊलीनेही आपली डबी समजावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शेवटची विडी विझली, की शरीर लगेच कामाला लागते. एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उतरतो. पण मन नेमके त्याच वेळी बिघडते. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप मोडते, चित्त लागत नाही, भूक वाढते, कोठा जड होतो. कित्येकांचा खोकला उलट वाढतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा जागे होऊन साचलेला मळ बाहेर लोटू लागल्याचे ते चिन्ह असते. आठवडा उलटला की जोर ओसरतो, आणि तीन-चार आठवड्यांत यांतला बहुतेक त्रास संपतो. म्हणजे जन्मभराची वाटणारी लढाई खरी पाहता काही दिवसांची आहे. परंतु कोणाच्याही मदतीवाचून सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरांत तीन ते पाच असतात, आणि घसरणाऱ्यांतले बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच घसरतात, असे संशोधकांना आढळले आहे. तेव्हा ज्याला मदत करायची त्याने ती या आठ दिवसांत करावी.

पण मदत करणार कोण, आणि कशी? येथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे थोरले बंधू चाळीस वर्षे विडी ओढत. घशाच्या कर्करोगाने ते गेले. त्यांच्या मागे खोली आवरताना भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिका निघाल्या. काही तारखांना पेन्सिलीने बारीक गोल केलेला आणि दोन-तीन दिवसांनी एक फुली. आम्हाला वाटले, दुधाचा हिशेब असेल. वहिनी म्हणाल्या, दुधाचा हिशेब मी वेगळा ठेवते. मग एका गोलाशेजारी 'बंद' हा शब्द सापडला. एकाच वर्षात असे पाच गोल होते, आणि पाच फुल्या. पाच वेळा तो माणूस त्या तिसऱ्या दिवसातून एकटा गेला. तेव्हा तो जेवणावरून का चिडतो म्हणून आम्ही त्यालाच बोललो असू. त्याने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

बंधूंनी का सांगितले नसेल, हे आम्हाला चांगले कळते. आम्हीही तीनदा गुपचूप सोडून पाहिली होती. बोभाटा केला आणि जमले नाही, तर चारचौघांत हसे होईल, ही ती भीती. पण गुप्ततेची किंमत अशी, की पहिली विडी पुन्हा पेटवतानाही कोणी पाहणारे नसते. चौथ्या खेपेस आम्ही सौभाग्यवतींना सांगितले, शेजारच्या काकांना सांगितले, मुंबईच्या मुलाला सांगितले. तिसऱ्या दिवशी रात्री आमटीत मीठ कमी म्हणून आम्ही ताट सारले. एरवी घरात रणकंदन झाले असते. त्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही बोलत नाही, तिसरा दिवस बोलतोय. चला, पडवीत बसू." बसलो. घड्याळ समोर ठेवले. सात मिनिटांनी आम्ही आत येऊन जेवलो. कोणत्याही तलफेचा जोर काही मिनिटांचाच असतो, हे पुस्तकात वाचले होते. पटले ते त्या पडवीत.

यावरून सोडणाऱ्याने काय करावे ते ठरते. दिवस आधी मुक्रर करावा आणि तो निदान तीन माणसांना सांगावा. आदल्या रात्री विड्या, काडेपेटी, राखेची वाटी, सारे घराबाहेर काढावे. 'अडीअडचणीला एक' ठेवू नये. विडी कशाच्या पाठोपाठ येते, ते लिहून काढावे. कोणाची चहामागून येते, कोणाची जेवणावर, कोणाची एस. टी.ची वाट पाहताना. मिरकरवाड्याच्या खलाशाची ती रात्रीच्या जागरणाबरोबर येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जागरणेही थांबतात. त्याने आपला दिवस त्या सुमारास धरावा, मात्र रिकामे हात जाळी दुरुस्तीला लावावेत. चहा निम्म्यावर आणावा. धुरामुळे चहातील उत्तेजक द्रव्य शरीरातून लवकर निघून जात असे. विडी सुटली की तोच चहा दुप्पट अंगावर येतो आणि झोप उडवतो. त्याऐवजी कोकमाचे सरबत आपल्या घरात आहेच.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावे? रोज ठरलेल्या वेळी विचारावे; आमचा मुलगा रात्री नऊला फोन करी. उपदेश करू नये, पाळत ठेवू नये, खिसे तपासू नयेत. रागाला उत्तर देऊ नये. तो राग आठ दिवसांचा पाहुणा आहे. घरात दुसरा कोणी ओढणारा असेल, तर त्याने तेवढे दिवस त्याच्या समोर पेटवू नये. आणि टपरीवर 'एकाने काय होते' म्हणून विडी पुढे करणाऱ्या मित्राने त्या आठ दिवसांत तरी मैत्री आवरती घ्यावी.

माणसाने माणसाशी बोलण्याचा गुण केवढा, याचा दाखला आपल्याच देशात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांतील ३६,००० तंबाखू घेणाऱ्या खेडुतांत केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष भेटून समजावले, की तंबाखू सोडणारे वाढतात, असे त्यात दिसले. एर्नाकुलममध्ये तर तोंडात पांढरे चट्टे पडण्याचे प्रमाणही पुष्कळ घटले.

ज्याला घरी बोलता येत नाही, त्याने १८००-११-२३५६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा २०१६ साली सुरू झाली असून फोन फुकट आहे. औषधाची मदत घेण्यातही कमीपणा नाही. निकोटिनचा गम किंवा पट्टी यांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. गम मात्र पानासारखा सतत चघळायचा नाही. जिभेला झिणझिणले की गालात धरून ठेवायचा. हृदयविकार, मधुमेह वा गर्भारपण असेल, किंवा अन्य औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि मध्येच एखादी ओढली गेली तर? तर तेही सांगावे. एका विडीने आठ दिवस फुकट जात नाहीत. ती लपवल्याने जातात.

पन्नाशी उलटलेले श्रोते म्हणतील, आता सोडून काय मिळणार? ब्रिटिश डॉक्टरांवरील पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. ओढतच राहणाऱ्यांच्या तुलनेत तिशीत सोडणाऱ्याला सरासरी १० वर्षे अधिक लाभतात. चाळिशीत सोडणाऱ्याला ९, पन्नाशीत ६, आणि साठीतही ३. तीन वर्षांत नातवंड अंगणात पळू लागते.

आपल्या कोकणात देवासमोर गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. गाऱ्हाणे एकटा घालतो, पण प्रत्येक वाक्याला सारा गाव 'होय महाराजा' म्हणतो, आणि त्या एका आवाजामागे पन्नास आवाज उभे राहतात. विडी सोडणाऱ्याचे गाऱ्हाणे असेच मोठ्याने घातले जावे. उद्या आपल्या घरात, कचेरीत, होडीवर कोणी म्हणाले, 'आजपासून सोडली', तर हसू नका, शंका घेऊ नका. होय म्हणा, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवणीने त्याच्या पडवीत जाऊन बसा.