नवी धाव आणि दुखरा गुडघा



पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याला लागावे, तर डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसांच्या बरोबरीने पळणारी पोरे-पोरी दिसतात. कुणाला पोलीस व्हायचे आहे, कुणाला सैन्यात जायचे आहे. २०२४ साली राज्यात पोलीस शिपायांची जी भरती झाली, तीत शारीरिक चाचणी ५० गुणांची होती आणि त्यांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर व मुलींच्या ८०० मीटर धावण्याला होते. कोरडवाहू दोन एकरांवर ज्या घराचा गाडा चालतो, त्या घराला या वीस गुणांचे मोल काय, हे मी तुम्हांला सांगायला नको.

पण याच पोरांपैकी कित्येकांचा गुडघा पळायला लागल्यावर महिन्या-दीड महिन्यात दुखू लागतो. पोर घरी बोलत नाही. रात्री हळदीचा लेप, सकाळी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि पुन्हा धाव. भरतीची तारीख जवळ येते तेव्हा ते पोर लंगडत असते. मुलींचे तर आणखी अवघड. ‘पाय दुखतो’ म्हटले की घरचे पळणेच बंद करतील, या धाकाने ती दात-ओठ खाऊन सोसते.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण विस्ताराचे काम करताना जाणकारांचे शास्त्र शिवारापर्यंत पोचवायचे असते, आणि घरातली पोरे हेही शिवारातलेच पीक आहे. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ जे सांगतात, ते तुमच्या-आमच्या भाषेत मांडतो.

दुखणे येते कुठून?

नव्या खोंडाला कुणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळे जू, मग हलका कुळव, मग नांगर. घाई केली तर खांदेसूज ठरलेली. आपल्या पोरांचा गुडघा असाच घाईने जुंपला जातो.

पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून पायावर येतो. एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावले पडतात. काल न पळणारे पोर आज एकदम पाच किलोमीटर पळाले, तर हिशेब तुम्हीच करा. त्यात गंमत अशी, की छाती लवकर तयार होते. तीन-चार आठवड्यांत दम टिकू लागतो आणि पोराला वाटते आपण तयार झालो. पण हाडे, कूर्चा आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या यांना घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. दम पुढे जातो आणि गुडघा मागे राहतो.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वर-खाली सरकते. तिला धरून ठेवतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि मांडी आत झुकू न देण्याचे काम खुब्याचे स्नायू करतात. हे कच्चे असले की वाटीवर नको तिथे ताण येतो. मग वाटीच्या भोवती किंवा मागे ठसठसते. विहिरीच्या पायऱ्या उतरताना, उकिडवे बसून धार काढताना, खुरपणीला बसताना, किंवा फार वेळ मांडी घालून बसून उठताना कळ येते. आजार हत्तीच्या पावलाने येतो म्हणतात. हे दुखणे मात्र मुंगीच्या पावलाने येते, म्हणूनच त्याच्याकडे कानाडोळा होतो.

हे दुखणे वेगळे, ते वेगळे

दुसऱ्या जातीची दुखापत एका क्षणात होते. पाय मुरगळतो, आत ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. कबड्डीच्या मैदानावर हे पुष्कळदा घडते. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या शेतकरी कुटुंबातला अविनाश साबळे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सैन्यात गेल्यावर तो धावपटू झाला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत तो पडला, गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. एवढ्या कसलेल्या गड्यालाही अशा दुखापतीनंतर थांबावे लागते.

म्हणून पुढीलपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपाय करीत बसू नका:

१. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर लगेच आलेली मोठी सूज
२. पायावर भार देता न येणे
३. गुडघा मध्येच अडकणे किंवा चालताना दगा देणे
४. गुडघा लाल व गरम होऊन ताप येणे
५. रात्री झोपेतून उठवणारी वेदना
६. दोन-तीन आठवडे काळजी घेऊनही न हटणारे दुखणे

अशा वेळी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडवैद्याकडून ओढून-चोळून घेऊ नका.

उपाय काय?

वाटीच्या दुखण्यावर महिनाभर खाटेवर पडून राहणे हा उपाय नाही. पडून राहिले की स्नायू आणखी कच्चे होतात. ओझे कमी करावे, पण पाय चालता ठेवावा.

पहिले आठ-दहा दिवस पळणे थांबवा. सपाट रस्त्यावर चाला, दुखत नसेल तर सीट थोडी उंच करून सायकल चालवा. ठसठस असेल तेव्हा बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. दुखणे दाबणारी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणे म्हणजे तुटक्या बांधावर चिखल लिंपून पाणी सोडणे. पुढे जे वाहून जाते ते परत येत नाही.

त्याच वेळी, एक दिवसाआड, हे व्यायाम करा. प्रत्येकी दहा वेळा, असे तीन फेरे:

१. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली पंचाची घडी ठेवा आणि गुडघ्याने ती पाच आकडे मोजेपर्यंत दाबा.
२. उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला व सावकाश खाली आणा.
३. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला. खुब्याला बळ याने येते.
४. उताणे झोपून गुडघे दुमडा आणि कंबर वर उचला.
५. दुखणे ओसरले की कमी उंचीच्या पायरीवर एका पायाने चढा आणि सावकाश उतरा. गुडघा आत झुकू देऊ नका.

साहित्य एक पंचा आणि एक पायरी. खर्च शून्य. पण फळ दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आधीच मनाशी बांधा. कांदा लावल्यावर दुसऱ्या दिवशी उपटून कुणी पाहत नाही.

पुन्हा धाव कशी धरावी?

अर्धा तास भराभर चालून दुखले नाही, की सुरुवात करा. एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटे चाला. असे आठ वेळा, एक दिवसाआड. मग आठवड्याला थोडे थोडे पळणे वाढवा. अंतर वाढवाल त्या आठवड्यात वेग वाढवू नका. युरिया आपण हप्त्याहप्त्याने देतो, सगळा एकदम दिला तर पीक माजते किंवा जळते. धावेचेही हप्ते पाडा.

मोजमाप रुपयाचे ठेवा. सोळा आणे म्हणजे असह्य कळ. चार आण्यांपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले, तर चालते. त्यावर गेले किंवा सकाळी पायऱ्या उतरताना जास्त दुखले, तर मागच्या हप्त्यावर या.

लांब ढेंगा टाकू नका. पाऊल आखूड आणि भरभर टाकले की गुडघ्यावरचा ताण उतरतो. तळ झिजलेले बूट बदला. डांबरी रस्त्याच्या उतरत्या कडेने रोज एकाच बाजूने पळू नका.

घरच्यांनो, तुमचे काम

पोर सकाळी पळते, दुपारी पाठीवर फवारणीचा पंप घेते, संध्याकाळी पोती उचलते. गुडघा या सगळ्याची बेरीज करतो. दुखणे असेल तेवढे दिवस पोती आणि पंप दुसऱ्याकडे द्या. मुलीकडे पाण्याचे हंडे आणि उकिडव्याची कामे असतील, तर तीही थोडे दिवस कुणीतरी वाटून घ्या. ताटात भाकरीबरोबर डाळ-उसळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडे असू द्या, आणि झोप पुरी होऊ द्या.

‘पळून गुडघे झिजतात’ ही भीती मात्र सोडा. २०१७ साली अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. हौसेने बेताने पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची संधिझीज सुमारे साडेतीन टक्के लोकांत आढळली, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या वर. बेताने पळणाऱ्याचे गुडघे बसून राहणाऱ्यापेक्षा चांगले राहिले.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, ही म्हण आपल्या पोरांना लागू होऊ देऊ नका. भरतीची जाहिरात निघाल्यावर नव्हे, तर सहा-आठ महिने आधी पळायला लागा. आणि आजच संध्याकाळी जेवताना पोराला, पोरीला सहज विचारा, ‘गुडघा कसा आहे रे? पायऱ्या उतरताना दुखतो का गं?’ विचारताना पळणे बंद करायची धमकी देऊ नका, म्हणजे खरे उत्तर मिळेल.