स्वालबार्डचे पाहुणे

नकाशावर नॉर्वे देशाच्या उत्तर टोंकाशीं बोट ठेवून तें सरळ वर सरकवीत नेलें, तर बराच वेळ निळ्या रंगावांचून कांहींच लागत नाहीं. आणि आतां नकाशाची चौकट येणार असें वाटतें, तोंच कांहीं बेटांचा पुंजका दृष्टीस पडतो. हाच स्वालबार्ड द्वीपसमूह होय. उत्तर अक्षांश ७४ पासून ८१ पर्यंत तो पसरलेला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६१,००० चौरस किलोमीटर असून त्यांतील निम्म्याहून अधिक भूमि हिमनद्यांखालीं दडलेली आहे. स्पिट्सबर्गेन हें सर्वांत मोठें बेट, आणि लाँगइयरब्येन हें मुख्य गांव. गांवची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत तेथें सूर्य मुळींच मावळत नाहीं, व ऑक्टोबरच्या अखेरीस एकदां बुडाला म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवीत नाहीं.

अशा ठिकाणीं हौसेनें कोण जाईल, असें वाचकांस साहजिकच वाटेल. परंतु दर उन्हाळ्यांत हजारों प्रवासी आगबोटींतून या बेटांभोंवतीं फिरावयास जातात. या सफरींस ‘शोधसफर’ असें भारदस्त नांव देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तेथें नवा प्रदेश शोधावयाचा आतां उरलेला नाहीं. मग ही मंडळी तेथें काय पाहतात, पाहतांना कोणते निर्बंध पाळतात, आणि एवढा खर्च करून गेलेल्या माणसांस ओणवें होऊन किनाऱ्यावरचा कचरा कां वेंचावा लागतो, हें सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रदेश आपणांस अगदींच परका आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १५९६ सालीं विलेम बॅरेंट्स या डच खलाशास हीं बेटें दिसलीं, तीं तो पूर्वेकडील देशांस उत्तरेच्या बाजूनें जाणारी वाट शोधीत होता म्हणून. पुढें ९ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिस येथें जो स्वालबार्डचा तह झाला, व ज्यानें या बेटांवर नॉर्वेचें स्वामित्व मान्य करण्यांत आलें, त्यावर सह्या करणाऱ्यांत हिंदुस्थानचेंही नांव आहे. २००८ सालापासून तर न्यू-ओलेसुंड या ७९ अक्षांशावरील वस्तींत ‘हिमाद्रि’ नांवाचें भारताचें संशोधनकेंद्र आहे, आणि त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील संस्थेकडून चालतो. ज्या किनाऱ्यावर बर्फ म्हणून कधीं पडत नाहीं, त्या किनाऱ्यावर बसून ध्रुवाजवळच्या हिमनद्यांचा हिशेब ठेविला जातो, ही गोष्ट आम्हांस मोठी कौतुकाची वाटते.

इतक्या उत्तरेस आगबोटी जाऊं शकतात याचें कारण समुद्रांतच आहे. अटलांटिक महासागरांतील उबदार पाण्याचा एक प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्यावरून वर वाहत येतो व त्याची एक शाखा स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम बाजूस जाऊन पोंचते. त्यामुळें तो किनारा बर्फापासून बराच मोकळा राहतो. हा प्रवाह वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याच्याशीं आपणांस पुन्हां काम पडणार आहे.

याच मोकळ्या पाण्यानें सतराव्या शतकांत देवमाशांचे शिकारी तेथें आणिले. अ‍ॅम्स्टरडॅम नांवाच्या बेटावर डच लोकांनीं स्मेरेनबुर्ग हें ठाणें वसविलें. त्या नांवाचा अर्थच मुळीं ‘चरबीचें गांव’ असा आहे. किनाऱ्यावर मोठमोठ्या कढयांत देवमाशांची चरबी कढवीत, आणि तें तेल युरोपांतील दिव्यांसाठीं व साबणासाठीं जात असे. एका पिढीनें खाडीजवळचे मासे संपविले, पुढच्या पिढ्यांनीं खोल समुद्रांतले; अखेर ती जातच त्या पाण्यांतून जवळजवळ नाहींशी झाली. त्यामागून वॉलरसाची पाळी आली. सुळ्यांसाठीं व कातड्यासाठीं त्याची इतकी हत्या झाली, कीं १९५२ सालीं कायद्यानें त्यास अभय मिळालें तेव्हां तेथें थोडेच प्राणी शिल्लक होते. रेनडियरास हें अभय १९२५ सालीं व पांढऱ्या अस्वलास १९७३ सालीं मिळालें. आज प्रवाशांस जें प्राणिवैभव पाहावयास मिळतें तें या कायद्यांमुळें वांचलेलें आहे.

आतां सफरीकडे वळूं. आगबोट खाडींत नांगर टाकिते व प्रवासी रबरी होड्यांत उतरतात. परंतु त्यांच्या आधीं वाटाडे किनाऱ्यावर जातात. प्रत्येकाजवळ बंदूक व आवाजाचा बार काढणारें पिस्तूल असतें. आसपास अस्वल नाहीं अशी दुर्बिणींतून खात्री करून घेतल्यावरच ते इतरांस बोलावितात. बंदूक शिकारीकरितां नसून निरुपाय झाल्यास प्राण वांचविण्याकरितां असते, आणि अस्वल दिसलें तर ठरलेला उपाय एकच: सर्वांनीं निमूटपणें होड्यांत परत जाणें.

चालण्याची वाट म्हणजे दगड, चिखल व शेवाळ. येथें झाड म्हणून नाहीं. ध्रुवीय विलो नांवाचा वृक्ष आहे, पण तो जमिनीलगत पसरतो आणि त्याची उंची बोटभरही भरत नाहीं, यामुळें अरण्य पायांखालीं तुडविलें जाण्याचें भय! हा विनोद नव्हे. उन्हाळा इतका तोकडा असतो, कीं चिरडलेली वनस्पति पुन्हां सांवरण्यास कित्येक वर्षें लागतात, व एका जोड्याचा ठसा पुढील प्रवाशांस वर्षानुवर्षें दिसत राहतो. म्हणून वाटाडे शक्य तेथें दगडांवरून नेतात.

पक्ष्यांविषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिल्यावांचून राहवत नाहीं. हिन्लोपेन सामुद्रधुनींत आल्कफ्येलेट नांवाचा काळ्या खडकाचा कडा आहे. त्यावर ब्रुनिख गिलेमॉट या काळ्यापांढऱ्या पक्ष्यांचीं सुमारें ६०,००० जोडपीं उन्हाळ्यांत येऊन राहतात. घरटें बांधण्याची यातायात हा पक्षी करीत नाहीं. उघड्या कंगोऱ्यावर एकच अंडें घालितो. पिलूं तीन आठवड्यांचें होतें न होतें तोंच, पंखांत उडण्याचें बळ आलेलें नसतां, तें कड्यावरून खालीं समुद्रांत उडी घेतें. त्याचा बाप त्याच्याबरोबर असतो, आणि पाण्यांत पडल्यावर दोघे मिळून पोहत दूर समुद्रांत निघून जातात. जें पिलूं पाण्यापर्यंत पोंचत नाहीं त्याची वाट पाहत कड्याच्या पायथ्याशीं कोल्हा बसलेला असतो. अशा कड्याजवळ आगबोटीनें भोंगा वाजवूं नये, व वेग ताशीं ५ सागरी मैलांहून अधिक ठेवूं नये, असा उन्हाळ्यांतील नियम आहे. एकदम गडबड उडाली तर हजारों पक्षी एकाच वेळीं झेंपावतात, आणि कंगोऱ्यावरचीं अंडीं घरंगळून जातात.

दुसरा पक्षी ध्रुवीय कुरव. हा मूठभर जीव दरसाल उत्तर ध्रुवाजवळून दक्षिण ध्रुवाजवळ जातो व परत येतो. म्हणजे त्याच्या वांट्यास दोन्हीकडचा उन्हाळा येतो. तो जमिनीवर अंडीं घालितो, आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोंचीचा प्रहार करितो. प्रवासी डोक्यावर काठी उभी धरून चालतात, कारण त्याचा हल्ला सर्वांत उंच वस्तूवर होतो. काठी धरून का होईना, तेथून लवकर निघून जावें हेंच योग्य.

वॉलरस कळप करून वाळूवर लोळत असतात. एकेका नराचें वजन दीड हजार किलोग्रॅमपर्यंत जातें, परंतु आहार पाहावा तर समुद्रतळाच्या चिखलांतील शिंपले. ते मिशांच्या स्पर्शानें शोधितात. प्रवाशांनीं वाऱ्याच्या खालच्या बाजूनें, एका रांगेंत, न बोलतां यावें व बऱ्याच अंतरावर थांबावें लागतें. घाबरलेला कळप एकदम पाण्याकडे धांवतो आणि त्यांत पिलें चेंगरतात. अस्वलाच्या बाबतींत निर्बंध याहून कडक आहेत. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्यापासून निदान ३०० मीटर, व १ मार्च ते ३० जून या काळांत ५०० मीटर, दूर राहिलें पाहिजे असा कायदा झाला. एवढ्या अंतरावरून अस्वल म्हणजे पिंवळसर ठिपकाच दिसतो, अशी कित्येक प्रवाशांची कुरकुर आहे. आमच्या मतें कायदाच बरोबर आहे. ज्यांस अस्वलाचे दांत मोजावयाचे असतील त्यांनीं ते चित्रांच्या पुस्तकांत मोजावेत.

आतां कचऱ्याविषयीं. स्वालबार्डच्या किनाऱ्यांवर मोठमोठे ओंडके पडलेले दिसतात. जेथें झाड नाहीं तेथें लांकूड कोठून आलें? तें सैबेरियांतील नद्यांतून वाहून समुद्रांत पडतें, बर्फांत अडकतें, आणि त्या बर्फाबरोबर कांहीं वर्षांनीं येथें येऊन लागतें. पूर्वीच्या शिकाऱ्यांनीं याच लांकडाच्या झोंपड्या बांधल्या व तेंच जाळून हिंवाळे काढिले. या जुन्या पाहुण्याच्या शेजारीं आतां दुसरा पाहुणा येऊन पडला आहे. मासेमारीचीं जाळीं, दोर, तरंगते गोळे, मासे ठेवण्याच्या पेट्या, बाटल्या, बाटल्यांचीं झांकणें: सर्व प्लॅस्टिकचें. आगबोटींची वाट मोकळी करणारा जो उबदार प्रवाह वर सांगितला, तोच हा माल युरोपच्या समुद्रांतून येथवर वाहून आणितो.

लांकूड कुजून मातीस मिळतें, तसें याचें होत नाहीं. ऊन, लाटा व बर्फ यांच्या घर्षणानें त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्यांचे कण. फुल्मार नांवाचा समुद्रपक्षी पाण्याच्या पृष्ठभागावरील खाद्य टिपतो. तपासलेल्या बहुतेक फुल्मारांच्या पोटांत प्लॅस्टिक सांपडलें आहे. रेनडियर किनाऱ्यावर चरावयास येतात, त्यांचीं शिंगें जाळ्यांत गुंततात. दोन नर एकाच जाळ्यांत अडकले, तर सुटकेच्या धडपडींत थकून मरतात.

म्हणून सफरींतील प्रवाशांच्या हातीं पोतीं देण्याची पद्धत पडली आहे. कामास आरंभ करण्यापूर्वीं वाटाड्या एक विलक्षण नियम सांगतो: १९४६ पूर्वीच्या मनुष्यकृत वस्तूस हात लावूं नये. स्वालबार्डांत तितकी जुनी प्रत्येक वस्तु, मग तो गंजलेला खिळा असो वा मोडकी फळी, इतिहासाचा अवशेष म्हणून कायद्यानें रक्षिलेली आहे. शिकारीच्या जागीं पडलेलीं देवमाशांचीं हाडें तर मुळींच हलवितां येत नाहींत. म्हणजे एकाच वाळूवर पडलेल्या दोन वस्तूंपैकीं एक वारसा आणि दुसरी कचरा. प्लॅस्टिकविषयीं सहसा संशय पडत नाहीं. मोठें जाळें वाळूंत अर्धें पुरलेलें असलें तर दहाबारा माणसें लागून तें ओढावें लागतें. कित्येकदां तें सुरीनें कापून तुकड्यांनींच न्यावें लागतें.

वेंचलेला माल नुसता भरून नेत नाहींत, तर मोजतात. २०१६ ते २०२१ या वर्षांत सफरींवरील प्रवाशांनीं जर्मनींतील शास्त्रज्ञांसाठीं असा हिशेब ठेविला. सुमारें २३,००० वस्तु भरल्या, वजन १,६२० किलोग्रॅम. वजनांत मोठा वांटा मासेमारीच्या सामानाचा होता. फारच थोड्या वस्तूंवर अक्षरें ओळखूं येत होतीं. त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश युरोपांतल्या निघाल्या, आणि ज्या जर्मनींत कचऱ्याची व्यवस्था नमुनेदार समजली जाते, तेथीलही वस्तु त्यांत होत्या.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस खोटा म्हणतां येत नाहीं. चार पोतीं कचरा आणण्याकरितां एवढी आगबोट तेल जाळीत ध्रुवापर्यंत नेणें हें कोणतें शहाणपण? तेथील हवा तर जगाच्या सरासरीहून कित्येक पटींनीं जलद तापत आहे, व हिमनद्या मागें हटत आहेत. नॉर्वे सरकारानें कांहीं उपाय केले आहेत. २०२२ सालापासून तेथील समुद्रांत जड इंधनतेल वापरण्यास मनाई आहे. २०२५ पासून संरक्षित प्रदेशांत २०० हून अधिक प्रवासी असलेल्या आगबोटीस प्रवेश नाहीं, व तेथें ठरविलेल्या ४३ जागांखेरीज कोठेंही प्रवाशांस उतरतां येत नाहीं. यानें धूर थांबत नाहीं, हें उघड आहे. केवळ कचरा वेंचण्यास कोणीं तिकडे जावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु जो पाहावयास गेलाच आहे, त्याच्या हातीं पोतें देणें हें त्यास मोकळ्या हातांनीं फिरविण्याहून खचित बरें, आणि त्या मोजणीनें कोणाचा माल कोठें जातो याचा लेखी पुरावा हातीं आला, तो घरीं बसून आला नसता.

संध्याकाळीं, म्हणजे घड्याळावरच्या संध्याकाळीं, कारण सूर्य तसाच वर असतो, पोतीं होड्यांतून आगबोटीवर चढवितात. सफर संपली म्हणजे तीं लाँगइयरब्येनच्या धक्क्यावर उतरतात. परंतु गोठलेल्या जमिनीच्या त्या लहानशा गांवांत एवढ्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय नाहीं. म्हणून गांवच्या इतर कचऱ्याबरोबर तो दुसऱ्या जहाजांत भरतात, आणि ज्या मुख्य भूमीकडून तो वाहत आला होता तिकडेच, दक्षिणेस, परत पाठवितात.