पेशीभित्तिका : रचना, कार्य आणि वैद्यकीय महत्त्व

प्रस्तावना

इ. स. १६६५ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दिसलेल्या पोकळ खणांना त्यांनी ‘सेल’ हे नाव दिले. वस्तुतः ते खण म्हणजे मृत पेशींच्या उरलेल्या भित्तिका होत्या. आतील जीवद्रव्य केव्हाच नष्ट झाले होते. अशा रीतीने विज्ञानाला पेशीची पहिली ओळख पेशीभित्तिकेमुळेच झाली. पेशीपटलाबाहेरील हे मजबूत आवरण वनस्पती, कवके, बहुतेक शैवाले व बहुतेक जीवाणू यांच्यात आढळते. प्राण्यांच्या पेशींत ते नसते. या फरकाचे महत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

वनस्पतींची पेशीभित्तिका

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचा मुख्य घटक सेल्युलोज हा होय. ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब, सरळ साखळ्या एकत्र येऊन त्याचे सूक्ष्म तंतू बनतात. हे तंतू हेमिसेल्युलोज व पेक्टिन यांच्यात रुतलेले असतात. लगतच्या दोन पेशी पेक्टिनयुक्त मध्यस्तराने सांधलेल्या असतात. आंबा पिकताना विकरांमुळे पेक्टिनचे विघटन होते व फळ मऊ पडते. लाकडातील पेशींत लिग्निन साचल्याने भित्तिका कठीण बनते. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या बाह्यत्वचेतील एकच लांबलेली पेशी असून, पक्व तंतूचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो.

परासरणाने पाणी पेशीत शिरले की आतील दाब वाढतो आणि भित्तिका त्यास प्रतिरोध करते. याच समतोलामुळे कोवळी रोपे ताठ उभी राहतात. पाणी कमी पडले की दाब उतरतो व पाने कोमेजतात. याउलट, मानवी तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवल्यास फुटते, कारण तिला भित्तिकेचा आधार नसतो.

जीवाणूंची पेशीभित्तिका व प्रतिजैविके

जीवाणूंची भित्तिका मुख्यतः पेप्टिडोग्लायकनची असते. यात शर्करांच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या आडव्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनपद्धती भित्तिकेच्या भेदावरच आधारलेली आहे. जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेचे जीवाणू तो सोडतात.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये शोधलेले पेनिसिलिन हे आडवे दुवे जोडणाऱ्या विकरास निष्क्रिय करते. परिणामी वाढत्या जीवाणूची भित्तिका दुबळी होऊन तो आतील दाबाने फुटतो. मानवी पेशींत अशी भित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा हा आघात त्यांच्यावर होत नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने भारतात पेनिसिलिनच्या उत्पादनाचा पाया घातला.

क्षयाच्या जीवाणूची भित्तिका मात्र वेगळी असते. तीतील मायकोलिक आम्लाच्या मेणचट थरामुळे अनेक औषधे आत शिरू शकत नाहीत. आयसोनियाझिड हे औषध या आम्लाच्याच निर्मितीत अडथळा आणते.

कवकांची पेशीभित्तिका

कवकांच्या भित्तिकेत कायटिन व ग्लुकन असतात. ग्लुकनची निर्मिती रोखणारी औषधे कँडिडाच्या संसर्गावर उपयुक्त ठरली आहेत. म्युकरमायकोसिसवर ती प्रभावी नाहीत. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. तेव्हा मुख्य भिस्त अँफोटेरिसिन-बी या औषधावर होती. ते कवकाच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलवर कार्य करते. मानवी पेशीपटलातील कोलेस्टेरॉलशी अर्गोस्टेरॉलचे साम्य असल्याने या औषधाचा मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होऊ शकतो. शत्रूपेशीचे लक्ष्य आपल्या पेशीहून जितके भिन्न, तितके औषध निर्धोक, हे तत्त्व यावरून स्पष्ट होते.

समारोप

अनेक जीवाणू पेनिसिलिनचे विघटन करणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर तयार करतात. प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराने अशा जीवाणूंचे फावते. विषाणूंना पेशीभित्तिका नसते. म्हणून सर्दी किंवा फ्लूवर पेनिसिलिन घेणे निरर्थक ठरते. पेशीभित्तिकेने वैद्यकाला दिलेले हे मोलाचे लक्ष्य टिकवायचे असेल, तर प्रतिजैविकांचा वापर वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावयास हवा.