गर्भपाताचा कायदा आणि त्याची किंमत

१९६५ च्या सुमारास स्वीडनमधील काही स्त्रिया बाल्टिक समुद्र ओलांडून गर्भपातासाठी पोलंडला जात असत. स्वीडनमध्ये त्या काळी गर्भपाताची परवानगी मिळणे दुरापास्त होते. कम्युनिस्ट पोलंडने मात्र १९५६ मध्येच तो कायदेशीर केला होता. आज या प्रवासाची दिशा उलटली आहे. स्वीडनने १९७५ पासून अठराव्या आठवड्यापर्यंतचा निर्णय स्त्रीवर सोपविला. पोलंडने १९९३ साली कायदा आवळला आणि २०२० मध्ये तेथील घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील गंभीर व्यंगाचे कारणही बाद ठरविले. आता पोलिश स्त्रियांना परदेशाची वाट धरावी लागते.

जगातील या विषयावरील कायद्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. एल साल्वादोरसारख्या देशात १९९८ पासून संपूर्ण बंदी आहे; स्त्रीच्या प्राणावर बेतले तरी कायदा सवलत देत नाही. दुसऱ्या वर्गात विशिष्ट कारणांसाठी अनुमती असते व ते कारण पुरेसे आहे की नाही, हे वैद्यकाने ठरवावयाचे असते. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याने हाच मार्ग पत्करला आणि दोन डॉक्टरांचे सद्‌भावनेने दिलेले मत आवश्यक मानले. तिसऱ्या वर्गात ठराविक आठवड्यांपर्यंत स्त्रीची इच्छा पुरेशी असते. स्वीडन या वर्गात मोडतो; फ्रान्समध्ये २०२२ पासून ही मर्यादा चौदा आठवडे आहे. निर्णय कोणाचा, शासनाचा, वैद्यकाचा की स्त्रीचा, हाच या तिन्ही वर्गांमधील खरा भेद होय.

गर्भ हाही एक जीव आहे आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर येते, अशी बंदीच्या समर्थकांची भूमिका असते. ती प्रामाणिक असू शकते. तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. तथापि कायद्याचे मोजमाप केवळ हेतूवरून करून चालत नाही. त्याचे परिणामही तपासावे लागतात.

या दृष्टीने रुमानियाचा अनुभव बोलका आहे. लोकसंख्या वाढावी म्हणून चौसेस्कू राजवटीने ऑक्टोबर १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ सरसकट बंदी घातली. दर हजारी १४.३ असलेला जन्मदर १९६७ मध्ये २७.४ वर गेला. राज्यकर्त्यांना हे यश वाटले असेल. परंतु पुढे तो घसरू लागला आणि १९८३ पर्यंत पूर्वपदावर आला. वाढले ते चोरट्या गर्भपातांचे बळी. १९८९ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७० माता दगावत होत्या व त्यांतील बहुसंख्य मृत्यू असुरक्षित गर्भपातामुळे होते. त्या वर्षाअखेर राजवट कोसळली, बंदी उठली आणि एका वर्षात हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. बंदीने गर्भपात थांबले नव्हते. ते अंधाऱ्या खोलीत गेले होते.

आयर्लंडची कथा निराळी आहे. तेथे १९८३ मध्ये गर्भाच्या जीविताचा हक्क राज्यघटनेत समाविष्ट झाला. आयरिश स्त्रिया इंग्लंडला जात राहिल्या आणि १९९२ च्या सार्वमताने तर तसा प्रवास करण्याचे स्वातंत्र्यही मान्य केले. देशात जो गुन्हा, तो तिकिटाचे पैसे जमविणारीसाठी गुन्हा राहिला नाही! बेळगावशी नाते असलेल्या सविता हलप्पनवार या दंतवैद्यकांना २०१२ मध्ये गॉल्वे येथे ती सवड मिळाली नाही. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. परंतु गर्भाचे ठोके चालू असल्याने त्यांची विनंती नाकारण्यात आली आणि जंतुसंसर्गाने त्यांचा अंत झाला. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मान्य केलेला हक्क त्याच न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतला व प्रश्न घटक राज्यांकडे सोपविला. ज्या राज्यांत बंदी आली तेथील सधन स्त्री शेजारच्या राज्यात जाते. रोजंदारीवर राबणारीला मात्र प्रवासखर्च, बुडालेला रोज आणि घरच्या मुलांची सोय यांची बेरीज जमविता येत नाही. वस्तूवर बंदी घातली की तिची किंमत वाढते आणि तो भार गरिबावर पडतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही लागू पडतो.

भारताने या बाबतीत पुष्कळ आधी पाऊल उचलले. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून १९७१ चा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यांत सामावून घेतले. तरीही हा कायदा दुसऱ्या वर्गातलाच आहे. अखेरचा शब्द डॉक्टरचा. ज्या तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टरच नाही, तेथे या उदार कायद्याचा उपयोग काय? शोधाशोधीत आठवडे जातात आणि मुदत टळते. त्यातच गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या, योग्य आणि आवश्यक अशा कायद्याशी याची गल्लत होऊन गर्भपातच बेकायदा आहे, असा समज अनेकांच्या मनात आढळतो.

म्हणून देशादेशांतील कायद्यांची तुलना करताना केवळ कलमे वाचून भागत नाही. दवाखाना किती मैलांवर आहे, तेथे जाण्यास किती दिवसांची मजुरी बुडते आणि तेथे पोचलेल्या स्त्रीला काय प्रश्न विचारले जातात, हेही पाहिले पाहिजे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी संसदेने दिलेली अनुमती प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचविणे, एवढे काम तरी भारतात अजून शिल्लक आहे.