अळवावरचे पाणी आणि गाडीवरचा लेप

मोटारगाडीचा रंग हा काही वाङ्मयाचा विषय नव्हे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्यावर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु आज आपल्या जिल्ह्यातही रस्त्याच्या कडेला ‘सिरॅमिक कोटिंग’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. या कोटिंगपायी माणसे दहा-पंधरा हजार रुपये आणि प्रसंगी त्याहूनही अधिक खर्च करतात. ज्याने कर्ज काढून भाड्याने चालवायला गाडी घेतली आहे, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ती खर्चल्यावर रंगाची काळजी कायमची मिटते काय, आणि मिटत नसेल तर पुढे काय करावे लागते, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. सुट्टीच्या दिवसांत मी एका वॉशिंग सेंटरवर काम करतो. तेव्हा हाताखालून गेलेल्या गाड्यांचा थोडाबहुत अनुभव या लेखामागे आहे.

प्रथम रंगाची रचना समजून घेऊ. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर सर्वांत खाली गंज रोखणारा थर असतो; कारखान्यात गाडीचा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तो बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. कारागीर त्याला ‘क्लिअर’ म्हणतात. हे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग एकावर एक ठेवलेल्या दोन केसांएवढा! त्यातही ऊन, पाऊस आणि धूळ सोसणारा क्लिअरचा थर अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा. जुन्या अ‍ॅम्बेसेडर व पद्मिनी गाड्यांच्या साध्या रंगावर हा थर नसे, म्हणून त्यांना पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागत असे.

सिरॅमिक कोटिंग या क्लिअरच्या वर देतात. बाटलीत ते द्रवरूप असते. त्यात सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाची, संयुगे असतात. रंगावर लावल्यावर त्यातील विद्रावक उडून जातो, उरलेले द्रव्य हवेतील ओलाव्याशी संयोग पावते आणि काचेसारखा पातळ, कठीण लेप तयार होतो. ‘सिरॅमिक’ म्हटले की आपल्याला कुंभाराची भट्टी आठवते. पण येथे काही भाजलेले नसते. या लेपाची जाडी सामान्यतः एक-दोन मायक्रॉन भरते. क्लिअरच्या तुलनेत तो वीस-पंचविसावा हिस्सा होय.

हा लेप आणि आपल्या घरातले सारवण यांत मला मोठे साम्य दिसते. शेणाने सारवलेली जमीन धूळ बसवते, घर स्वच्छ दिसते, पायाला बरे वाटते. म्हणून आमच्या घरी आईने कधी केरसुणी बाजूला ठेवली नाही. सारवण पातळ असते, झिजते, आणि पुन्हा घालावे लागते, हे खेड्यातल्या लहान मुलीलाही ठाऊक असते. गाडीवरचे सारवण आठ दिवसांऐवजी दोन-तीन वर्षे टिकते, एवढाच फरक. आपण मात्र ते घातल्यावर केरसुणी टाकून देतो, आणि येथेच नुकसान सुरू होते.

लेपाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. लेप दिलेल्या गाडीवर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात. अळवाच्या पानावर आपण हेच पाहिलेले असते. कमळाच्या पानाविषयी जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये एक प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. या पानांवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेण असते. त्यामुळे थेंब घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो, असे त्यांनी दाखवले. विक्रेते लेपाची तुलना याच पानाशी करतात. परंतु वास्तविक पाहता लेप गुळगुळीत असतो, त्यावर तसे उंचवटे नसतात. त्यावर थेंब गोल होतो खरा, पण सपाट जागी तो घरंगळत नाही, तेथेच बसून राहतो. मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणजे क्षणात निसटून जाणारी गोष्ट. गाडीच्या टपावरचे पाणी निसटत नाही, ते वाळते.

आता ते वाळल्यावर काय होते ते पाहू. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले आहे. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तो याच क्षारांचा. गाडीवरचा थेंब उन्हात वाळतो तेव्हा पाणी उडते आणि क्षार कडेला गोल कड्यासारखे मागे राहतात. लेप नसलेल्या गाडीवर पाणी पसरते, म्हणून डाग पातळ पडतो. लेपावर सगळा क्षार एका थेंबाच्या जागी एकवटतो. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले, तोच गुण निष्काळजीपणात अवगुण ठरतो.

माझ्या मावसभावाने भाड्याने चालवण्यासाठी गाडी घेतली आणि तिला कोटिंग करून घेतले. तो रोज सकाळी बोअरच्या नळीने गाडी धुई आणि तशीच उन्हात उभी करी. पुढच्या उन्हाळ्यात टपावर आणि बॉनेटवर पांढऱ्या टिकल्यांची रांगोळी उठली. “पाच वर्सं पाहाचं कामच नाही म्हणत होता तो कोटिंगवाला,” असे दादा पुन्हापुन्हा म्हणे. पातळ केलेल्या व्हिनेगरने काही डाग निघाले, काही लेपात उतरले होते ते राहिले. दादाचे सगळे पैसे वाया गेले असे मी म्हणत नाही. पण धुतल्यावर पुसावे लागते, हे एक वाक्य त्याला कोणी सांगितले असते तर टप वाचला असता.

म्हणून पहिला नियम असा की, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी व लगेच कोरडी करावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर पाणी आणि शाम्पू पुसण्याआधीच वाळतात. आणखी एक गोष्ट. पाण्यातील फ्लोराईडमुळे आपल्या जिल्ह्यातील काही गावांत आरओ यंत्रे बसली आहेत. त्यांतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी ‘फुकट जाते’ म्हणून गाडी धुण्यास वापरले जाते. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. त्याने चाके धुवावीत, रंग नव्हे. उलटपक्षी, छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी क्षारमुक्त असल्याने शेवटच्या खळबळण्यास उत्तम.

दुसरी बाब ओरखड्यांची. जाहिरातीत ‘९-एच कठीण’ असे लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक समजते की हिऱ्याच्या खालोखाल. हिऱ्याला १० गुण देणारे मोजमाप ‘मोह्स’ या खनिजशास्त्रज्ञाचे. ९-एच हे त्यातले नव्हे. ते पेन्सिलीचे मोजमाप आहे. ठराविक वजनाखाली, ठराविक कोनात निरनिराळ्या पेन्सिली लेपावरून ओढतात. सर्वांत कठीण, म्हणजे ९-एच पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर लेप ९-एच म्हणायचा. पेन्सिलीपुढे टिकणारा लेप वाळूपुढे टिकत नाही. वाळूतल्या क्वार्ट्‌झची कठीणता मोह्सच्या मापावर ७ आहे. वणी परिसरात कोळशाच्या ट्रकांमागून जाणाऱ्या गाडीवर काळा थर बसतो. कोळसा मऊ असला तरी त्या थरात दगडाची बारीक कचही असते. अशी गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटझट पुसणे म्हणजे तिला सौम्य पॉलिशपेपर घासणेच होय. उन्हात काळ्या गाडीकडे पाहिले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या रेघा दिसतात, त्या याच पुसण्याच्या. धुळकट गाडीवर कव्हर घातले आणि ते वाऱ्याने फडफडले तरी हाच परिणाम होतो. काही चालक चकाकीसाठी फडक्यावर थोडे डिझेल घेतात. त्याने घटकाभर चमक येते आणि मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते.

यावर उपाय साधा आहे. आधी नुसते पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवून टपापासून खाली पुसत यावे, आणि दर वेळी ते साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावे; म्हणजे माती पुन्हा रंगावर जात नाही. चाकांचे फडके वेगळे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती फार अल्कधर्मी असते आणि लेपाचा पाणी झटकण्याचा गुण मंदावते. फडके मायक्रोफायबरचे घ्यावे. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापसाला नाव ठेवणे जिवावर येते, परंतु जुन्या धोतराच्या फडक्याखाली कण दाबून घासला जातो, तर मायक्रोफायबरच्या चिरलेल्या बारीक तंतूंत तो अडकून बसतो. या रीतीने लहान गाडी तीन-चार बादल्यांत धुऊन होते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले, हे आठवणाऱ्याला नळीचा प्रवाह आणि तीन-चार बादल्या यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी बाब डागांची. पाखरांच्या विष्ठेत आम्ल असते. लेप त्याला काही काळ अडवतो, म्हणजे आपल्याला पुसायला सवड देतो. पण उन्हात दोन दिवस राहिले की लेप आणि क्लिअर दोन्ही खाल्ले जातात. चिकटलेले घाण खरवडू नये, ओले फडके पाच मिनिटे ठेवून भिजवावे आणि उचलून घ्यावे. खंडेनवमी-दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. ती अवश्य करावी. मात्र हळदीकुंकवाची ओली बोटे आणि झेंडूचे हार आठवडाभर तसेच ठेवू नयेत. हळदीचा डाग मुरतो आणि हाराची दोरी वाऱ्याने रंगावर घासत राहते. दुसऱ्या दिवशी हार उतरवून गाडी धुतल्याने पूजेला कमीपणा येत नाही.

आता ‘रबिंग-पॉलिश’विषयी. गाडी निस्तेज झाली की आपण रबिंग करून घेतो आणि ती नवी दिसते. ही चमक भर घालून आलेली नसते, थर घासून काढल्याने आलेली असते. ओरखड्याच्या तळापर्यंत क्लिअर घासला म्हणजे ओरखडा दिसेनासा होतो. त्यात एक-दोन मायक्रॉनचा लेप तर जातोच, शिवाय क्लिअरचाही काही भाग जातो, आणि क्लिअर पुन्हा वाढत नाही. दरवर्षी रबिंग करणारा आपल्या गाडीचे आयुष्य थोडे थोडे फडक्यावर पुसून नेत असतो. म्हणून धुण्याची पद्धत सुधारणे हाच रबिंग टाळण्याचा मार्ग होय.

लेप नवा असताना पहिला एक दिवस गाडी कोरडी ठेवावी आणि साधारण आठवडाभर शाम्पू लावू नये. तोवर लेप पुरता कठीण झालेला नसतो. पुढे पाणी गोल होईनासे झाले तर लेप गेला असे लगेच समजू नये. पुष्कळदा त्यावर क्षार आणि मळ बसलेला असतो, नीट धुतल्यावर गुण परत येतो. दगड उडून रंगाचा टवका गेला तर लेप काही करू शकत नाही. तेथे पावसाळ्याआधी टचअप करावे, नाहीतर पत्रा गंजतो. तसेच हमीपत्र घरी आणून वाचावे. ठराविक मुदतीत गाडी दाखवली नाही तर हमी रद्द, अशी अट पुष्कळ पत्रांत बारीक अक्षरांत असते.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. लेप किती टिकेल, हे तो लावणाऱ्यापेक्षा रोज गाडी धुणाऱ्या हातांवर अधिक अवलंबून असते. ते हात बहुधा माझ्यासारख्या किंवा माझ्याहून लहान पोरांचे असतात. त्यांना दिवसभरात पुष्कळ गाड्या उरकायच्या असतात आणि दोन बादल्या कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. गाडीवाल्याने लेपावर हजारो रुपये खर्च करताना या पोराला चार शब्द समजावून सांगितले आणि त्याच्यासाठी एक चांगले फडके डिकीत ठेवले, तर त्या खर्चाचे चीज होईल. आणि ज्याच्याजवळ लेपासाठी पैसे नाहीत, त्याने हळहळण्याचे कारण नाही. सावली, दोन बादल्या, मऊ फडके आणि धुतल्यावर कोरडे पुसणे एवढे ज्याने सांभाळले, त्याची लेप नसलेली गाडी पाच वर्षांनी विकायला काढली, तर दादाच्या गाडीशेजारी ती खाली मान घालून उभी राहणार नाही.

(बी. ए. भाग २)