श्रवणयंत्र घ्यावे, पण केव्हा?

मराठीत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' असेच नाव आहे. वय चाळिशीला आले की डोळ्यांवर चाळिशी येणार, हे आपण सर्वांनी इतके मान्य केले आहे की त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कानांच्या वाट्याला मात्र हा मान आलेला नाही. कानामागे यंत्र दिसले की 'बहिरा' असा शिक्का बसतो. म्हणून पंचेचाळीस-पन्नासच्या घरातली माणसे मान डोलावून वेळ निभावतात आणि यंत्राचा विचार म्हातारपणावर ढकलतात. वाचक बंधू-भगिनींनो, या ढकलण्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून आज आम्ही या प्रश्नावर लिहीत आहोत.

ऐकू येते, पण कळत नाही

मध्यम वयातला बहिरेपणा एकदम येत नाही. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. याचे कारण असे की वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान बिघडतात तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे सूर जातात. स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, थ, ठ, फ ही बारीक व्यंजने मात्र निसटतात. समोरचा 'साठ' म्हणतो आणि आपण 'सात' ऐकतो. आमच्यासारख्या टेबलावर बसून आकडे लिहिणाऱ्या कारकुनाला ही गंमत परवडणारी नाही.

बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज उंच पट्टीचे असतात, म्हणून तेच आधी पुसट होतात. "ह्यांना जगाचं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही," ही घरोघरची तक्रार आहे. त्यावर सगळे हसतात. प्रत्यक्षात ती घरात मिळालेली पहिली सूचना असू शकते.

कारणे आपल्या अवतीभवतीच

माजलगाव हा कापसाचा आणि धरणाच्या पाण्यामुळे उसाचाही तालुका. जिनिंगची यंत्रे, कारखान्याची गिरणी, ट्रॅक्टर, पिठाची चक्की यांच्याजवळ वर्षानुवर्षे राबणाऱ्याचे कान हळूहळू झिजतात. हलगी आणि बँड वाजवून पोट भरणाऱ्यांचेही तेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसता येतो. ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा आठवड्याभरात अवघी २० मिनिटे. आता जयंतीची मिरवणूक असो, वरात असो की कुठलाही उत्सव, डी.जे.च्या भिंतीपुढे आपली तरुण पोरे किती तास नाचतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

याखेरीज लहानपणी फुटलेला आणि पुढे वाहत राहिलेला कान, मधुमेह, क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, अशी कारणे आहेतच. आगपेटीची काडी, केसांची पिन किंवा किल्ली कानात घालणे आणि पडदा फाटलेल्या कानात तेल सोडणे यांनी बिघाड वाढतो.

आधी तपासणी, मग यंत्र

यंत्राच्या दुकानात जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कित्येकदा कानात फक्त मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम भागते. पडद्याला भोक असेल तर शस्त्रक्रियेने बुजवता येते. कानातले बारीक हाड ताठर होण्याचा एक आजार आहे. तो स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्यावरही शस्त्रक्रिया आहे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर मात्र 'बघू उद्या' म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडते.

यानंतर ऑडिओमेट्री होते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात आणि कानाचा आलेख कागदावर काढतात. त्यात दुखत नाही, सुई नाही. माजलगावकरांना त्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आधी चौकशी करावी. गुंतागुंतीच्या प्रकरणी मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

मग घ्यायचे केव्हा?

जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानाचा आलेख पाहून पायऱ्या पाडते. २० ते ३५ डेसिबलचा तोटा सौम्य, ३५ ते ५० मध्यम आणि त्यापुढे तीव्रतेकडे. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे मध्यम पायरीवरच्या माणसाला गोंगाटात संभाषण जड जाते. या पायरीवर बहुधा यंत्राचा सल्ला मिळतो. सौम्य पायरीवर निर्णय कामावर अवलंबून असतो. शेतात एकट्याने राबणाऱ्याचे चालून जाते. शिक्षक, कंडक्टर, परिचारिका, अंगणवाडी सेविका, कारकून यांचे चालत नाही.

पण आमच्या मते आलेखापेक्षा एक खरी कसोटी आहे. ऐकू येत नाही म्हणून तुम्ही काय काय सोडून दिले? बैठकीला जाता, पण बोलत नाही. फोन वाजला की मुलाच्या हातात देता. लग्नात कोपऱ्यात बसता. वर्गणीचा हिशेब वाचला जातो तेव्हा गप्प राहता. ज्या दिवशी माणूस अशी माघार घेऊ लागतो, तो दिवस यंत्राचा. ज्या समाजाने सभेत ऐकून, प्रश्न विचारून, उत्तर देऊन आपला माणूस घडवला, त्या समाजातला कार्यकर्ता पन्नाशीत असा मुका होत गेला तर नुकसान त्याच्या एकट्याचे नाही.

उशिराचा आणखी एक तोटा आहे. फार वर्षे शब्द नीट पोचले नाहीत तर ते ओळखण्याची मेंदूची सवय मोडू लागते. पुढे उत्तम यंत्र लावूनही शब्दांचा गोंधळ उरतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत कमी ऐकू येणे आहे. यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतोच असे कुणी म्हटलेले नाही, पण दुर्लक्ष करण्यात शहाणपण नाही एवढे खरे.

आमचेही वय सेहेचाळीस. आमच्या दोन्ही कानांचा आलेख ४० डेसिबलपर्यंत उतरला आहे. यंत्र घ्यायचे आम्ही ठरवले आहे, आणि ते केसांआड न लपवता कचेरीत जायचे, हेही ठरवले आहे.

पैशाचा प्रश्न

इथे खरी अडचण आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेचा, २०१७ साली आलेल्या, लाभ ६० वर्षांपुढच्या गरीब वृद्धांना. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये देते. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या योजनेला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट. २०१६ च्या कायद्याने 'ऐकण्यास कमी' कोण? दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा तोटा असलेला. म्हणजे ४०-४५ डेसिबलवरचा, ४५-५० वर्षांचा कमावता माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्या वयात यंत्राचा उपयोग सर्वाधिक, त्याच वयाला योजना नाही. ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर हिशेब मांडू. समजा जोडी ४०,००० रुपयांची घेतली आणि पाच वर्षे चालवली. महिना ६६७ रुपये झाले. बॅटरीचे २०० धरा. दिवसाला तीस रुपयांच्या आत खर्च आला. पगारदाराला हे जमते. ऊसतोड मजुराला जमत नाही. त्याच्यासाठी बचत गट, पतसंस्था आणि मंडळे पुढे आली पाहिजेत. दोन यंत्रे परवडत नसतील तर तज्ज्ञाला विचारून एक घ्यावे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. तोडीला जाणाऱ्यांनी तपासणी पावसाळ्यात उरकावी, कारण यंत्र जुळवून घ्यायला दोन-तीन फेऱ्या लागतात आणि दिवाळीच्या सुमारास गाव सुटते. आणि घरातल्या बाईचे कान यादीत शेवटी ठेवू नयेत.

लाज आणि नोकरी

१९९७ साली अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी वयाच्या ५१ व्या वर्षी दोन्ही कानांना यंत्रे घेतली. त्यांच्या आधी १९८३ साली अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी यंत्र लावले होते. खुर्ची कुणाचीच गेली नाही. आपल्याकडे तर कायदाच सांगतो की नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तरी शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. मग त्याहून कमी तोट्यासाठी यंत्र लावणाऱ्याने भिण्याचे कारण काय?

यंत्र आणल्यावर

यंत्र आपल्याच आलेखाप्रमाणे जुळवून घ्यावे. शिबिरात सर्वांना एकाच मापाने वाटलेले किंवा जाहिरात पाहून टपालाने मागवलेले आवाज वाढवणारे खेळणे म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. पहिले काही आठवडे भांडी आदळल्यासारखी वाटतात, स्वतःचा आवाज परका वाटतो. तेव्हा यंत्र डबीत टाकू नये. आधी घरात दोन तास, मग चार, मग बाजारात, असे वाढवत जावे. आंघोळीला आणि झोपताना काढावे, घाम पुसावा, रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे. छोट्या बॅटरीवरचा कागद वापरायच्या वेळीच काढावा. हवा लागली की ती खर्च होऊ लागते. कागद काढून मिनिटभर थांबून मग बसवावी.

घरच्यांनीही एवढे करावे. ओरडू नये, समोर येऊन सावकाश बोलावे, टी.व्ही.चा आवाज कमी करावा. 'जाऊ दे, काही नाही,' असे म्हणून बोलणे तोडू नये. या शब्दांनी माणूस जितका दुखावतो तितका बहिरेपणाने दुखावत नाही.

दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. आपल्या मंडळांनी त्या दिवशी चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची कानतपासणी ठेवावी. डी.जे.च्या भाड्यातून वाचलेले पैसे त्या कामी लावावेत. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने कानांचा आलेख एकदा तरी काढून घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावा.

जय भीम!