एडीएचडी आहे, कामावर कसं सांगायचं?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं नोंदली आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव मात्र नाही. त्यामुळे नुसत्या निदानाच्या कागदावर हक्क सांगणं अवघड जातं. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायलाच हवी.

तरी वाट बंद नाही. याच कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी कंपन्यांसह प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. एचआरकडून ते आधी मागवून वाचा.

मग सोयी मागताना मागणीची सुरुवात आजाराच्या नावापासून नको, कामापासून करा. ‘माझं लक्ष लागत नाही’ म्हटलं की समोरचा सल्ले देऊ लागतो. त्याऐवजी लिहा: ‘तोंडी सूचनांतले तपशील माझ्याकडून निसटतात. बैठकीनंतर मुद्दे ईमेलने मिळाले, तर काम वेळेत पूर्ण होईल.’ येण्याजाण्याच्या दारापासून दूरची जागा, आवाज रोखणारे हेडफोन, मोठ्या कामाचे छोटे टप्पे आणि प्रत्येकाची वेगळी तारीख, सकाळचे दोन तास बैठकांविना: यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च जवळजवळ नाहीच. एका वेळी दोनच मागा, महिनाभर करून पाहू म्हणा. बोलणं तोंडी झालं, तरी त्याच दिवशी ईमेलने नोंद ठेवा. कोणती औषधं घेता, हे वरिष्ठांना सांगायची गरज नाही. एचआरने कागद मागितलाच, तर मानसोपचारतज्ज्ञांचं छोटं पत्र द्या, पूर्ण फाइल नको.